उतारावर चाळीस, फाट्यावर कितीही

जालन्याहून भोकरदनकडं येताना, केदारखेड्याच्या अलीकडं कुठंतरी आमचा फाटा लागतो. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं काही भलं होणार नाही. फाट्याच्या दोनेक किलोमीटर आधी रस्ता ओढ्याकडं उतरतो. उतार लांब आणि सरळ. दोन्ही बाजूंना कपाशी नि सोयाबीन, घर नाही, शाळा नाही, रस्ता ओलांडणारं कुत्रंसुद्धा नाही. रस्ता सिमेंटचा झाल्यापासून तिथं गाडी आपोआप पळते, सायकलवालासुद्धा पायडल सोडून देतो. उताराच्या तळाशी पूल आणि पुलाआधी एक मोठा लिंब. त्या लिंबाखाली, सावली धरून, पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी असते.

तिथं वेगाची मर्यादा चाळीस. का, तर पुलाचं काम चालू होतं तेव्हा कुणीतरी ‘काम चालू, वेग ४०’ अशी पाटी रोवली होती. पूल झाला, ठेकेदार बिल घेऊन गेला, पाटी राहिली. आता तिच्यावर वेड्या बाभळीनं अंग टाकलंय. पाटी वाचायची तर गाडी थांबवून, खाली उतरून फांदी बाजूला करावी लागते. मी एकदा केलं म्हणून सांगतो, हाताला काटे लागले. जालन्याकडं जाणाऱ्या बाजूला तर पाटीच नाही. मला हल्ली त्या लिंबाचीसुद्धा किळस येते, आणि लिंबाच्या झाडाची किळस येणं हे काही चांगलं लक्षण नाही.

आमचं घर फाट्यावरच आहे. मी जालन्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि रोज मोटारसायकलनं अप-डाऊन करतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, फाट्यावरचे सगळेच म्हणतात. रस्ता रुंद झाला तेव्हा घर आणि गोठा अलीकडं राहिले, रान नि विहीर पलीकडं गेली. मोबदला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. एवढंच झालं, की जी बैलजोडी आधी गाडीवाट ओलांडायची ती आता हमरस्ता ओलांडायला लागली. एक तांबडा, एक पांढरा. सकाळी एकदा जायचे, दिवस कलला की परत यायचे. नाल मारलेले खूर सिमेंटवर घसरतात, म्हणून दोघंही तिथं पाय जपून टाकायचे. बैलाला शिट्टी मारून पळवता येत नाही. मी ट्रॅक्टरचं नाव काढलं की अण्णा म्हणायचे, “कपाशीत काय ट्रॅक्टर घालून कोळपशील? समदी मोडून ठिवल ते.” तिथं विषय संपायचा.

उताराचं आणि फाट्याचं नातं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जालन्याकडून येणाऱ्या गाडीला समोरचा ड्रायव्हर डिपर मारतो. दिवा उघडझाप करून सांगतो, की बाबा, पुढं पोलीस आहेत. ही रस्त्यावरची जुनी रीत. तिला ओळख लागत नाही, कुणी जात विचारत नाही. एरवी एकमेकांना साइड न देणारी माणसं डिपरच्या बाबतीत सख्खी भावंडं असतात. डिपर दिसला की ड्रायव्हर पट्टा ओढून लावतो, मोबाइल मांडीखाली सरकवतो आणि गुरुजी वर्गात आल्यावर पोरं बसतात तसा ताठ बसून कॅमेऱ्यासमोरून जातो. पूल ओलांडला की मात्र पाय दाबतो. हळू चालवण्यात गेलेला वेळ त्याला भरून काढायचा असतो. त्या दाबलेल्या पायाला पहिली वस्ती लागते ती आमची. शाळेची पोरं, दूधवाले, एसटीची वाट बघणाऱ्या बाया आणि अण्णांची बैलजोडी. जिथं मरायला कुणी नाही तिथं गाड्या चाळीसनं जातात, आणि जिथं माणसं आहेत तिथं कितीही. कॅमेऱ्याची गाडी नसते त्या दिवशी निदान दोन्हीकडं सारखाच धोका असतो. ती आली की आमच्याकडचा वाढतो. चेष्टा नाही करत, फाट्यावर कुणालाही विचारा.

अण्णांना हे माहीत होतं, पण ते त्यात कधी पडले नव्हते. पडले ते एके दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून. जालन्याच्या मोंढ्यातलं, बाजाराचं काम आटपून आम्ही घरी येत होतो. त्या दिवशी डिपर मारणारं कुणी भेटलं नाही. लिंबाखालून शिट्टी आली.

“बावन्न,” हवालदार म्हणाला. “इथं चाळीस हाय.”

“पाटी कुठंय?”

“हाय की तिकडं वर.”

“दिसत नाही ती.”

“दिसत न्हाई म्हणून न्हाईच, असं थोडंच असतंय?”

कायद्यापेक्षा अध्यात्मात शोभेल असं वाक्य होतं ते. त्यानं लायसन मागितलं आणि मागता मागता काय करता म्हणून विचारलं. मी सांगितलं. कॉलेजचं नाव ऐकलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्याची मुलगी आमच्याकडं अकरावीला होती.

“अरे सर! मंग आधी सांगायचं ना. लांबून नुसता हात करायचा, झालं! आता मशीननं फोटू घेतला. आता माझ्या हातात काय राह्यलं न्हाई.”

तो मनापासून हळहळत होता, हे विशेष. मी बावन्ननं आलो याचं त्याला काही नव्हतं, मी हात केला नाही याचं वाईट वाटत होतं. आमच्याकडचा सगळा वाहतुकीचा कायदा त्या एका वाक्यात आला. वेग महत्त्वाचा नाही, ओळख महत्त्वाची. ओळख नसलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार आणि ओळख असलेला प्रत्येक गुन्हेगार सर.

आम्ही उभे होतो तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी आली. काचा काळ्या, पुढं झेंडा. पुलावरून ती अशी गेली की अण्णांचा पंचा उडाला. शिट्टी वाजली नाही. तिच्या मागून लुनावर एक म्हातारे गादीवाले आले, पिंजलेल्या कापसाचं गाठोडं पाठीला बांधून. त्यांची लुना चाळीसला पोचली असती तर त्यांनी गावात पेढे वाटले असते. त्यांना थांबवलं. वेग नाही तर नाही, आरसा नव्हता ना! आरशाची पावती फाडली. गाठोडं सावरत त्यांनी लुनाला पायडल मारलं.

अण्णा हवालदाराला म्हणाले, “त्या पांढऱ्या गाडीचा फोटू काढला का?”

“अण्णा, ती वळखीची गाडी हाय.”

“मशीनला वळख कशी काय कळती?”

हवालदार हसला. लहान पोराच्या प्रश्नाला हसतात तसा हसला आणि म्हणाला, “तुम्ही पाठीमागं बसलेले ना? मंग बसा गुमान.”

घरी येईपर्यंत अण्णा खरोखर गुमान बसले. रात्री जेवताना मात्र आईला म्हणाले, “त्या गादीवाल्याची पावती फाडायला नको व्हती.” माझ्या पावतीबद्दल चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी हात करायला सुरुवात केली. लिंबाखाली गाडी आहे हे एखाद्या दूधवाल्याकडून कळलं, की ते कासरा डाव्या हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि उजव्या हातातला पंचा हवेत फिरवून, मग पंजा खाली दाबून दाखवायचे. हळू, पुढं आहेत. जालन्याकडं जाणाऱ्या गाड्यांना ते लगेच कळायचं. काही हसायचे, काही सलाम करायचे, एसटीचे ड्रायव्हर हॉर्न द्यायचे. खरी मौज दुसऱ्या बाजूची. जालन्याकडून येणाऱ्यांची गाडी तर कॅमेऱ्यासमोरून पार झालेली असायची, त्यांना सांगायला काही उरलेलं नव्हतं. पण धोतरातला म्हातारा पंचा फिरवतोय म्हणजे पुढं आणखी एक गाडी लपवली असणार, असं वाटून त्यांचाही पाय ब्रेकवर जायचा. दोन्हीकडच्या गाड्या आमच्या फाट्यावर गोगलगाईसारख्या व्हायच्या, आणि अण्णा मधून बैल घेऊन सावकाश पलीकडं जायचे.

मग ते शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळीही उभे राहायला लागले. आमच्या घराला लागून पंक्चरचं दुकान आहे, तिथले चाचा अण्णांचे जुने दोस्त. दोघांनी एकमेकांच्या पोरांची लग्नं पार पाडलेली. चाचा दुकानातून ओरडायचे, “बिलकुल बराबर करून राह्यले, अण्णा! सरकारनं तुम्हालाच शिट्टी द्याला पायजे.” मला स्वतःला थोडी लाज वाटायची, सहकारी वाटेत बघून विचारायचे, ते कोण हो? पण तेवढे दिवस शाळेची पोरं रस्ता चालत ओलांडत होती. एरवी पळत ओलांडायची.

हे फार दिवस चालणार नव्हतंच. एका सकाळी तोच हवालदार चाचांच्या दुकानात चहाला येऊन बसला. अण्णांना बोलावलं. बोलणं गोडच होतं.

“अण्णा, आमच्या पोटावर पाय का आणून राह्यले? संध्याकाळी साहेबाला आकडा द्यावा लागतो. चार दिवसांपास्नं आकडा न्हाई. साहेब माझ्यावर बोंबलून राह्यले.”

“कशाचा आकडा?” अण्णांनी विचारलं.

“केसेसचा. रोज इतक्या झाल्याच पायजे, वरून हुकूम हाय.”

“आन कुणी जोरात आलंच न्हाई तर?”

“येत्यातच, अण्णा. तुम्ही हात न्हाई केला की येत्यात.”

तो हे न लाजता बोलला, हे मला अजून विसरता येत नाही. माणूस वाईट नव्हता. चहाचे पैसे त्यानंच दिले, चाचांच्या गुडघ्याची चौकशी केली. पण गाड्या हळू झाल्या म्हणून दुःखी असलेला वाहतूक पोलीस मी डोळ्यांनी पाहिला. देवळातला पुजारी भक्त आले नाहीत म्हणून खट्टू होतो ते समजू शकतो. डॉक्टरनं गावात ताप नाही म्हणून तक्रार करावी तसलं हे.

अण्णांनी ऐकलं नाही. आठवडाभरात मला स्टाफरूममध्ये चाचांचा फोन आला. “सर, अण्णाला जीपमधी घालून नेलं. जल्दी या.” मी पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. अण्णा ठाण्यातल्या बाकड्यावर बसले होते, पंचा घडी करून मांडीवर. सकाळपासून कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं, नुसतं बसवून ठेवलं होतं. पाणी एकदा दिलं म्हणे. सत्तरी ओलांडलेला माणूस. ज्यानं आयुष्यात कुणाच्या बांधावरचं गवत उपटलं नाही, तो मोबाइलचोरांच्या शेजारी बसलेला.

फौजदार तरुण होता. स्पर्धा परीक्षेतून आलेला, बोलणं स्वच्छ, टेबलावर झाडाची कुंडी. त्यानं मला खुर्ची दिली. अण्णांना दिली नाही. मी उभाच राहिलो.

“सर, हा सरकारी कामात अडथळा आहे,” तो म्हणाला. “मी गुन्हा दाखल करू शकतो. वय बघून करत नाही.”

अण्णा बाकड्यावरून उठून टेबलाशी आले. “साहेब, एक इचारू का? गाड्या हळू व्हाव्या म्हणूनच तुम्ही हुबं राहता ना?”

“अर्थात.”

“मंग माझ्या हातानं त्या हळू झाल्या, तर तुमचं काय बिघाडलं?”

फौजदार माझ्याकडं बघून हसला. “बाबा हुशार आहेत तुमचे,” म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मशीन लावायचंच तर फाट्यावर लावा, खरे पळणारे तिथं सापडतील. तो म्हणाला, “फाट्यावर अतिवेगाची एकही केस नाही, सर. रेकॉर्ड आहे. धोक्याची जागा उतार आहे, तिथं शेकड्यानं केसेस आहेत.” फाट्यावर मशीन कधी लावलंच नाही तर केस होणार कुठून, असं मी म्हणालो. तो म्हणाला, “केस नाही तर मशीन कोणत्या आधारावर लावू?” या माणसानं परीक्षेत तर्काच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले असणार याची मला खात्री आहे.

शेवटी कागद आला. ‘यापुढे रस्त्यावर उभे राहून वाहनचालकांना हाताने अथवा कापडाने इशारा करणार नाही.’ अण्णांनी नीट वाचायला लावलं, मी वाचून दाखवला. त्यांनी सही केली. येताना गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाले, “कापडानं सुदिक लिवलंय.”

आता इथं आमच्या माणसांचा खुळेपणा येतो. लिहून दिलं म्हणजे दिलं. मी त्यांना शंभरदा म्हणालो असेन, अण्णा, पोलिसांसाठी नका करू, पण बैल ओलांडताना तरी हात वर करा. ते म्हणायचे, “लिवून दिलंय मी.” चाचा म्हणाले, “अरे, त्या कागदाला ठाण्यात कुणी इचारत न्हाई, भजे बांधले असतीन त्याच्यात.” पण नाही. त्या माणसाला सरकारच्या कागदावर सरकारपेक्षा जास्त विश्वास. पंचा खांद्यावरून हलला नाही. आधी दोन्हीकडं बघायचे, थांबायचे, रस्ता मोकळा दिसला की बैल हाकायचे. कधी कधी बराच वेळ उभे राहायला लागायचं, शाळेची पोरं शेजारून पुन्हा पळत जायची.

पोळ्याच्या आधी, कपाशीत तण काढायची शेवटची कोळपणी चालू असताना ते झालं. मी अंगणात मोटारसायकल पुसत होतो. रस्ता मोकळा होता, अण्णा बैल घेऊन निघाले होते, अर्धे पार झाले होते. मग टायर ओरडले आणि मग एक बोदा आवाज आला. गोणी वरून पडावी तसा. मी पळालो. पांढरा पलीकडं सुटून गेला होता. तांबडा रस्त्यावर आडवा पडला होता आणि पुढचे पाय रोवून उठायचा प्रयत्न करत होता. मागून तो उठतच नव्हता. खूर सिमेंटवर खरवडत होते. अण्णा कासऱ्याच्या हिसक्यानं पडले होते, मनगट वाकडं झालेलं, पण ते बसूनच तांबड्याच्या डोक्याशी सरकत होते.

गाडीवाला तरुण होता, चांगल्या कपड्यातला. पहिली गोष्ट त्यानं बंपर बघितला. मग फोन लावला. मग आम्हाला म्हणाला, “मी हळूच होतो. आत्ताच मागं पोलिसांसमोरून आलोय, विचारा त्यांना.” चाचांनी त्याची गचांडी धरली होती, मीच सोडवली. आता वाटतं, उगाच सोडवली.

तांबडा दुपारपर्यंत जिवंत होता. जनावरांचे डॉक्टर आले, कमरेचं हाड गेलंय म्हणाले, इंजेक्शन दिलं. बाया पाणी आणत होत्या, तो जीभ लावायचा आणि सोडून द्यायचा. अण्णा दवाखान्यात जायला तयार नव्हते. तांबड्याचं डोकं थंड पडल्यावर उठले.

पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. फौजदार स्वतः आला, मागं तोच हवालदार. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे चाचांच्या दुकानापासून सुरू होत होते, ते मी दाखवले. फौजदारानं पट्टे बघितले, मग हातातला छापील कागद दाखवला.

“सर, ही गाडी घटनेआधी एक-दीड मिनिट आमच्या मशीनसमोरून गेली. वेग अडतीस. मर्यादेच्या आत. हा अधिकृत पुरावा आहे.”

“तो उतारावरचा वेग. इथला हे पट्टे सांगतात.”

“पट्ट्यांवर आकडा नसतो, सर.”

मला वाटलं, यापुढं काही असू शकत नाही. होतं. फौजदारानं वही काढली आणि अण्णांकडं वळला. अण्णा ओट्यावर बसले होते, हात प्लास्टरमध्ये. फौजदार म्हणाला, जनावर रस्त्यावर आणणाऱ्यानं काळजी घ्यायची असते, त्यात कसूर झाली तर दोष मालकाचा. गाडीवाल्यानं तशी तक्रार दिली आहे, बंपर गेलाय. मग अगदी साधेपणानं, लिहिता लिहिता विचारलं, “बाबा, गाडी येताना दिसली तुम्हाला?”

“दिसली.”

“मग हात का नाही केला?”

हवालदारानं मान खाली घातली. तेवढी तरी त्याला शरम होती. अण्णांना खरंच वाटलं असावं, की साहेब विसरलाय, आठवण करून दिली पाहिजे.

“साहेब, तुम्हीच लिवून घेतलं व्हतं ना. हातानं न्हाई, कापडानं न्हाई.”

“ते वेगळं, बाबा,” फौजदार म्हणाला. “ते पोलीस कारवाईच्या संदर्भात होतं. स्वतःच्या जनावराच्या रक्षणासाठी इशारा करणं तुमचं कर्तव्यच आहे.” आणि वहीत लिहिलं: इशारा केला नाही.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. रागाला, घृणेला, तिरस्काराला किती शब्द आहेत ते पोरांकडून पाठ करून घेतले. त्या क्षणी एकही तोंडात आला नाही. तो तरुण फौजदार खोटं बोलत नव्हता, लाच मागत नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. त्याच्याकडं प्रत्येक जागेसाठी एक बरोबर वाक्य होतं आणि त्या सगळ्या बरोबर वाक्यांच्या खाली आमचा बैल मेला होता. चार भल्या माणसांनी मध्ये पडून ‘दोघांनी आपापलं सोसावं’ असं ठरवलं. म्हणजे त्यानं बंपर सोसायचा आणि आम्ही तांबडा. उतारावर गाडी अजून उभी राहते. चाळीसची पाटी अजून बाभळीत आहे.

प्लास्टर निघायच्या आधीच एका सकाळी अण्णांनी पांढऱ्याला सोडलं आणि रस्त्याकडं निघाले. एका बैलावर कोळपं चालत नाही, हे त्यांना मी सांगायला नको होतं. त्यांना बहुतेक त्याला रानात नुसतं हिंडवून आणायचं होतं. रस्ता मोकळा होता, मी दोन्हीकडं बघून ‘या’ म्हटलं. पांढरा सिमेंटच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. पुढचे दोन्ही पाय मातीत रोवले. अण्णांनी कासरा ओढला, पाठीवर थाप मारली, कानाशी बोलले. मी मागून ढकलून बघितलं. तो थरथरत होता, पण एक खूर त्यानं वर ठेवला नाही. एक टेम्पो आला आणि गेला, मग एसटी गेली, मग पुलाकडून एक कार आली, पाय दाबलेली. अण्णांनी पांढऱ्याचं तोंड फिरवलं.

भोकरदनच्या बाजारात मी त्याला विकून आलो. पलीकडचं रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं, ज्याला दिलं त्याचं घर पलीकडंच आहे. अण्णांचं मनगट बरं झालं. ओट्यावर त्यांची बसायची जागा तीच आहे, फक्त आता ते तोंड घराकडं करून बसतात. शाळा सुटायच्या वेळी पोरं ओरडत, पळत रस्ता ओलांडतात तेव्हाही ते मागं वळून बघत नाहीत.